रिंगो स्टार : डावखुऱ्या हातांचा ठेका

११ सप्टेंबर १९६२. लंडनच्या ॲबे रोडवरील ईएमआय कंपनीच्या स्टुडिओत लिव्हरपूलचे चार तरुण आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे काम पुरे करण्यासाठी दाखल झाले होते. त्यांच्यातील ड्रमवादकाला बीटल्समध्ये येऊन जेमतेम साडेतीन आठवडे झाले होते. त्या दिवशी ड्रम वाजवण्यासाठी मात्र अँडी व्हाइट या अनुभवी, स्टुडिओत बिदागीवर वाजवणाऱ्या वादकाला पाचारण करण्यात आले होते. आठवडाभरापूर्वी, ४ सप्टेंबरला, नव्या ड्रमवादकाने 'लव्ह मी डू' वाजवले होते; पण ध्वनिमुद्रण करणाऱ्यांचे त्याने समाधान झाले नव्हते. आता त्याच्या हाती एका गाण्यासाठी खुळखुळे आणि दुसऱ्यासाठी खंजिरी देण्यात आली. आपली गच्छंती जवळ आली, असेच बावीस वर्षांच्या त्या तरुणाला वाटले.

त्याचे मूळ नाव रिचर्ड स्टार्की. जग त्याला रिंगो स्टार या नावाने ओळखते. संगीताची लिपी त्याला वाचता येत नव्हती आणि सुरुवातीच्या दोन-तीन धड्यांपलीकडे कोणाकडेही तो ड्रम शिकला नव्हता. तरीही रॉक संगीताच्या इतिहासात ज्यांच्या वादनाचा सर्वाधिक अभ्यास आणि अनुकरण झाले, अशा ड्रमवादकांत त्याचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. स्वतःच्या बळावर शिकलेला वादक व्यावसायिक कसा होतो, त्याला काय मिळते आणि कोणती उणीव आयुष्यभर सोबत वागवावी लागते, हे रिंगोच्या वाटचालीत स्पष्टपणे पाहायला मिळते.

डिंगलमधील बालपण

रिचर्डचा जन्म ७ जुलै १९४० रोजी लिव्हरपूलच्या डिंगल या कामगार वस्तीत झाला. दुसरे महायुद्ध सुरू होते आणि बंदराचे शहर असल्याने लिव्हरपूलवर जर्मन विमानांचे हल्ले होत होते. आई एल्सी आणि वडील रिचर्ड यांची ओळख बेकरीत काम करताना झाली होती. मुलगा लहान असतानाच दोघे विभक्त झाले आणि एल्सीने पडेल ते काम करीत, प्रसंगी मद्यगृहात चाकरी करीत, त्याला वाढवले. मायलेकरे ॲडमिरल ग्रोव्ह या गल्लीतील छोट्या घरात राहत असत.

सातवा वाढदिवस जवळ आला असताना रिचर्डचे आंत्रपुच्छ फुटले आणि संसर्ग पोटभर पसरला. काही दिवस तो बेशुद्धावस्थेत होता. इस्पितळातून घरी परतायला सुमारे वर्ष लागले. शाळा मागे पडली ती पडलीच. वर्गातील मुलांच्या बरोबरीने वाचता यावे यासाठी शेजारच्या एका मुलीने त्याला घरी शिकवले. गाडी रुळावर येते आहे असे वाटत असतानाच १९५३ मध्ये, तेराव्या वर्षी, त्याला क्षयाने गाठले. या वेळी मुक्काम होता हेसवॉल येथील मुलांच्या रुग्णालयात आणि तो सुमारे दोन वर्षांचा ठरला. तेथून बाहेर पडल्यावर तो शाळेत परतलाच नाही.

कपाटावरचा पहिला ठेका

क्षयाच्या रुग्णांना विश्रांतीखेरीज फारसे काम नसे. मुलांचा वेळ जावा आणि हातपाय हलते राहावेत म्हणून रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनी त्यांचा एक छोटा वाद्यवृंद उभा केला होता. रिचर्डला ड्रम मिळाला आणि त्यानंतर दुसऱ्या कोणत्याही वाद्यात त्याचे मन रमले नाही. वाद्ये जागच्या जागी ठेवली गेली, की तो सुताच्या रिकाम्या रिळापासून केलेल्या काठीने खाटेशेजारच्या कपाटावर ठेका धरीत असे. त्याची पहिली तालीम ही अशी, अंथरुणात बसून झाली.

याच सुमारास घरात एक चांगला बदल घडला. १९५३ मध्ये एल्सीने हॅरी ग्रेव्हज या लंडनकर रंगाऱ्याशी विवाह केला. हॅरीला मोठ्या जॅझ वाद्यवृंदांचे आणि गायक-गायिकांचे वेड होते. सारा व्हॉन, डायना शोअर यांची गाणी सावत्र मुलाला त्यानेच ऐकवली. आवडीनिवडी लादायच्या नाहीत, हा त्याचा स्वभाव होता. या शांत, प्रेमळ माणसाबद्दल रिंगोने पुढे नेहमीच कृतज्ञता व्यक्त केली आहे.

तळघरातील तालीम

शिक्षण अर्धवट, प्रकृती तोळामासा. अशा मुलाला नोकरी मिळणे सोपे नव्हते. रेल्वेत निरोप्याचे काम मिळाले, पण वैद्यकीय तपासणीत तो बसला नाही. काही काळ त्याने लिव्हरपूल ते उत्तर वेल्स अशा फेऱ्या करणाऱ्या बोटीवर चाकरी केली. अखेर १९५६ मध्ये शाळांसाठी व्यायामाची साधने बनवणाऱ्या हेन्री हंट अँड सन या कारखान्यात तो उमेदवार म्हणून लागला.

त्या वर्षी ब्रिटनमध्ये 'स्किफल'ची लाट आली होती. लॉनी डोनेगन या गायकाच्या 'रॉक आयलंड लाइन' या गाण्याने ती उसळली. अमेरिकी लोकसंगीतावर आधारलेल्या या प्रकाराचे मोठे आकर्षण म्हणजे त्याला पैसे लागत नसत. एखादी स्वस्त गिटार, चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी आणि दोरी बांधून केलेले खर्जाचे वाद्य, आणि तालासाठी कपडे घासण्याची खाचांची पत्र्याची फळी, एवढ्यावर वाद्यवृंद उभा राही. बोटांत शिंप्याची अंगुस्ताने घालून ती फळी खरवडली, की ताल मिळे. हजारो कामगार मुले अशा रीतीने वादक झाली. जॉन लेननचा पहिला वाद्यवृंदही स्किफलचाच होता.

हेन्री हंटच्या कारखान्यात रिचर्डचा मित्र एडी माइल्स गिटार वाजवीत असे. जेवणाच्या सुटीत ही मंडळी तळघरात जमून सहकाऱ्यांना गाणी ऐकवू लागली. रिचर्डकडे पत्र्याची फळी आली. १९५७ च्या नाताळात हॅरीने त्याला ड्रमचा एक जुना संच भेट दिला. लंडनजवळच्या रॉमफर्डमध्ये दहा पौंडांना घेतलेला तो संच हॅरीने आगगाडीतून लिव्हरपूलपर्यंत वाहून आणला होता. पुढे आजोबांकडून पैसे उसने घेऊन रिचर्डने नवा संच घेतला.

संच आला, पण तो वाजवायचा कोठे? भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या गल्लीत ड्रमचा आवाज कोण सहन करणार? मागच्या खोलीत बसून सराव करण्याचा प्रयत्न शेजाऱ्यांच्या आरड्याओरड्याने लगेच थांबला. त्यानंतर घरी सराव करण्याचा नाद त्याने सोडला आणि थेट वाद्यवृंदात वाजवू लागला. आपल्या सगळ्या चुका आपण रंगमंचावरच केल्या, असे रिंगोने अनेकदा सांगितले आहे.

आपल्याकडे तबल्याचा शागीर्द वर्षानुवर्षे बंद खोलीत कायदे-पलटे घोटतो आणि मग मैफलीत बसतो. येथे क्रम नेमका उलटा होता. त्याचा परिणाम वादनावरही उलटाच झाला. एकट्याने सराव करणाऱ्याचे लक्ष स्वतःच्या हातांकडे असते. पहिल्या दिवसापासून इतरांसोबत वाजवणाऱ्याला गायकाकडे कान द्यावाच लागतो. रिंगोच्या वादनातील सर्वांत मोठा गुण, म्हणजे गाण्याला वाट करून देण्याचा, या सक्तीतून आला.

नोकरी की ड्रम?

१९५९ मध्ये रिचर्ड एका नव्या वाद्यवृंदात दाखल झाला. त्याचा प्रमुख गायक रोरी स्टॉर्म. त्याच्या नावावरून या वाद्यवृंदाचे नाव 'रोरी स्टॉर्म अँड द हरिकेन्स' असे झाले. लिव्हरपूलमधील अव्वल वाद्यवृंदांत त्याची गणना होई. सर्वांनी चटकदार रंगमंचीय नावे घ्यावीत, असा रोरीचा आग्रह होता. रिचर्ड बोटांत अंगठ्या घालीत असे, म्हणून तो 'रिंगो' झाला आणि स्टार्कीचे 'स्टार' झाले. कार्यक्रमात त्याच्या गाण्यांसाठी 'स्टार टाइम' नावाचा खास वेळही राखून ठेवला जाई.

१९६० च्या उन्हाळ्यात हरिकेन्सला वेल्समधील बटलिन्सच्या सुटीतील छावणीत तीन महिने वाजवण्याचे आमंत्रण आले. ते स्वीकारायचे तर कारखान्यातील उमेदवारी सोडावी लागणार होती. पाच वर्षांच्या उमेदवारीतील चार वर्षे होत आली होती आणि आणखी वर्षभराने हाती कायमचा हुन्नर येणार होता. ड्रम छंद म्हणून ठीक आहे, असे आत्या-मामांसह सगळ्या गोतावळ्याचे मत होते. इस्पितळात बालपण घालवलेल्या, शालेय प्रमाणपत्र नसलेल्या मुलासाठी ही काळजी अनाठायी नव्हती. रिंगोही बराच काळ चलबिचल करीत होता. अखेर त्याने नोकरी सोडली. त्या दिवसापासून ड्रमच त्याच्या पोटापाण्याचा व्यवसाय झाला.

या निर्णयाला काळाचीही साथ होती. ब्रिटनमधील सक्तीची लष्करी सेवा संपुष्टात येत होती. १ ऑक्टोबर १९३९ पासून पुढे जन्मलेल्या तरुणांना ती करावी लागली नाही. त्याआधीच्या पिढीतील अनेक वाद्यवृंद अठराव्या वर्षीच्या बोलावण्याने मोडले. १९४० मध्ये जन्मलेल्या रिंगो आणि लेनन यांना मात्र सलग वाजवण्याची संधी मिळाली.

हॅम्बुर्गच्या रात्री

छावणीत रोज नवा श्रोता नसे. तीच माणसे आठवडाभर समोर असत. त्यांना रोज नाचवायचे, तर कार्यक्रम सतत ताजा ठेवावा लागे. ऑक्टोबर १९६० मध्ये हरिकेन्स जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे पोहोचले आणि ही तालीम अधिक कठोर झाली. कायझरकेलर या क्लबमध्ये दोन वाद्यवृंद आळीपाळीने रात्रभर वाजवीत. त्यांतील दुसरा वाद्यवृंद होता बीटल्स. तेव्हा हरिकेन्सचे नाव मोठे होते आणि बीटल्सपेक्षा त्यांना पैसेही अधिक मिळत.

रात्रीमागून रात्री तासन् तास वाजवल्याने हात तयार होतात, हे उघड आहे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे थकलेल्या अवस्थेतही लय न सोडण्याची सवय लागते. दारू प्यालेल्या, भांडणाच्या पवित्र्यात असलेल्या गिऱ्हाइकांना नाचते ठेवायचे, तर ठेका ढळून चालत नाही. रिंगोचे शिक्षण कोणत्या विद्यालयात झाले असे विचारले, तर ते या क्लबमध्ये झाले, असेच म्हणावे लागेल.

१५ ऑक्टोबर १९६० रोजी हॅम्बुर्गमधील एका लहानशा स्टुडिओत हरिकेन्सच्या एका गायकाला साथ देण्यासाठी लेनन, मॅकार्टनी, हॅरिसन आणि रिंगो प्रथमच ध्वनिमुद्रणात एकत्र आले. पुढील दोन वर्षांत बीटल्सचा ड्रमवादक पीट बेस्ट आजारी असला, की रिंगो त्याच्या जागी बसत असे. त्याच्यासोबत वाजवताना गाणे वेगळे उभे राहते, हे बाकी तिघांच्या लक्षात येऊ लागले.

बीटल्समध्ये

जून १९६२ मध्ये ईएमआयच्या स्टुडिओत बीटल्सची चाचणी झाली, तेव्हा निर्माते जॉर्ज मार्टिन यांना पीट बेस्टचे वादन ध्वनिमुद्रणायोग्य वाटले नाही. ऑगस्टमध्ये बेस्टला दूर करण्यात आले आणि लेननने रिंगोला बोलावून घेतले. १८ ऑगस्ट १९६२ रोजी लिव्हरपूलजवळच्या पोर्ट सनलाइट येथील ह्यूम हॉलमध्ये रिंगो बीटल्सचा सदस्य म्हणून प्रथम वाजवला. बेस्टचे चाहते संतापले होते. कॅव्हर्न क्लबमधील कार्यक्रमात रिंगोच्या विरोधात घोषणाही झाल्या.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी ११ सप्टेंबरचा तो प्रसंग ओढवला. मार्टिन यांना स्टुडिओतील कामाची सवय असलेला, भरवशाचा वादक हवा होता. रिंगोच्या क्षमतेची त्यांना अद्याप पारख झालेली नव्हती. पुढे त्यांनी याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. रिंगोच्या मनातील सल मात्र बराच काळ राहिला.

पण गच्छंती झाली नाही. २६ नोव्हेंबरला 'प्लीज प्लीज मी' हे गाणे ध्वनिमुद्रित झाले, ते रिंगोच्याच ड्रमसह. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी पहिल्या संग्रहासाठी एकाच दिवसात दहा गाणी मुद्रित करण्यात आली. हॅम्बुर्गच्या रात्री येथे कामी आल्या. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'शी लव्ह्ज यू'ची सुरुवातच रिंगोच्या घुमणाऱ्या ड्रमने होते.

९ फेब्रुवारी १९६४ रोजी एड सलिव्हनच्या अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमात बीटल्स झळकले आणि सुमारे सात कोटी तीस लाख प्रेक्षकांनी त्यांना पाहिले. इतर तिघांच्या मागे उंच चौथऱ्यावर बसलेला रिंगो सर्वांच्या नजरेत भरत होता. लुडविग कंपनीचा काळ्या मोतिया झाकेचा संच त्याने १९६३ मध्ये लंडनच्या एका दुकानातून निवडला होता. सलिव्हनच्या कार्यक्रमानंतर या अमेरिकी कंपनीच्या ड्रमना एवढी मागणी आली, की कारखाना रात्रंदिवस चालवावा लागला. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ड्रमवादक मॅक्स वाइनबर्ग याच्यासह त्या पिढीतील कित्येकांनी त्या रात्रीनंतर ड्रमकडे वळल्याचे सांगितले आहे.

दोष आणि शैली

रिंगोचे वेगळेपण समजून घ्यायचे, तर ड्रमच्या संचाची रचना ध्यानात घ्यावी लागते. उजव्या पायाने वाजणारा मोठा 'बेस ड्रम', गुडघ्यांमध्ये ठेवलेला आणि तळाशी तारा असल्याने कडाडणारा 'स्नेअर', डाव्या पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी म्हणजे 'हाय-हॅट', आणि स्नेअरच्या उजवीकडे क्रमाने लहान व मोठा 'टॉम-टॉम'. रॉकच्या चार मात्रांच्या ठेक्यात साधारणतः पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर बेस ड्रम, तर दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर स्नेअर वाजतो. गाण्याची ओळ संपली, की पुढच्या ओळीपूर्वीची मोकळी जागा ड्रमवादक एका छोट्या तुकड्याने भरतो. त्याला 'फिल' म्हणतात.

हा संच उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेला असतो. स्नेअरवर उजव्या हाताने आरंभ करून उजवीकडच्या टॉम-टॉमवर घरंगळत जाणे त्याला सोपे पडते. रिंगो जन्मतः डावखुरा. लहानपणी आजीने त्याला उजव्या हाताने लिहायला लावले, पण ड्रमवर डावा हातच पुढे राहिला. आपल्याकडील डावखुरा तबलजी तबला आणि डग्गा यांच्या जागा बदलून घेतो. रिंगोने तसे केले नाही. उजव्या हाताच्या संचावर तो डाव्या हाताने आरंभ करीत राहिला. परिणामी उजवीकडे जाताना हात एकमेकांच्या आड येत. त्यातून वाट काढताना कधी मोठ्या टॉम-टॉमवरून उलट दिशेने यावे लागे, तर कधी दोन आघातांत क्षणभराची जागा सुटे.

शिक्षक असता, तर त्याने हा दोष पहिल्याच महिन्यात घालवला असता. तो राहिला, म्हणून रिंगोचे फिल इतरांसारखे झाले नाहीत. किंचित मागे रेंगाळणारे, अनपेक्षित जागी वजन देणारे त्याचे तुकडे उजव्या हाताच्या वादकांना नक्कल करायला अवघड जातात. 'कम टुगेदर' (१९६९) या गाण्यातील टॉम-टॉमवरून फिरणारा ठेका हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे.

दुसरी गोष्ट पकडीची. लष्करी वादक खांद्याला तिरका टांगलेला ड्रम वाजवताना डाव्या हातातील काठी आडवी, बोटांमधून धरीत. तीच पकड जॅझमध्ये रूढ झाली. रिंगो दोन्ही हातांत काठ्या सारख्याच, वरून धरीत असे. या पकडीत डाव्या हाताचा आघात जोरकस बसतो. त्याला दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या मुलांनी तीच पकड उचलली आणि रॉकमध्ये ती सर्वमान्य झाली.

गाण्यासाठी ठेका

१९६४ ते १९६६ या काळात बीटल्सच्या कार्यक्रमांत चाहत्यांच्या किंकाळ्यांमुळे कोणालाच काही ऐकू येत नसे. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर पंचावन्न हजारांहून अधिक श्रोते होते आणि वादकांना स्वतःचा आवाज ऐकवणारे ध्वनिवर्धक त्या काळी नव्हते. अशा वेळी पुढे उभ्या असलेल्या तिघांच्या माना व कमरा कशा हलतात हे पाहून आपण गाण्यात कोठे आहोत याचा अंदाज रिंगो घेत असे. तरीही लय सुटत नसे.

ऑगस्ट १९६६ नंतर बीटल्सनी दौरे थांबवले आणि स्टुडिओ हेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले. त्याआधीच त्यांच्या संगीतात प्रयोगांना सुरुवात झाली होती. १९६६ मधील 'रेन' या गाण्यातील आपले वादन रिंगोला स्वतःला सर्वांत आवडते. त्याच वर्षीच्या 'टुमॉरो नेव्हर नोज'साठी विशीतील ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी बेस ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला आणि स्टुडिओचा नियम मोडून ध्वनिग्राहक ड्रमच्या अगदी जवळ आणला. एकाच आवर्तनाचा भारावून टाकणारा तो ठेका ऐकताना हे वादन यंत्राचे आहे की माणसाचे, असा प्रश्न पडतो.

'अ डे इन द लाइफ' (१९६७) मध्ये तर ड्रम केवळ ताल धरीत नाही, लेननच्या गायनाला उत्तर देतो. यातील तुकडे अत्यंत गुंतागुंतीचे असल्याचे फिल कॉलिन्स या नामवंत ड्रमवादकाने आवर्जून सांगितले आहे. 'ऑल यू नीड इज लव्ह'मधील कडव्यांत सात मात्रांची आवर्तने येतात, तर जॉर्ज हॅरिसनच्या 'हिअर कम्स द सन'मध्ये भारतीय संगीताच्या सहवासातून आलेली विषम मात्रांची वळणे आहेत. मात्रांचे गणित रिंगोने शास्त्र म्हणून शिकलेले नव्हते. गाणे पाठ करून तो त्या वळणांतून नेमका बाहेर पडे.

एकट्याच्या वादनाची त्याला हौस नव्हती. बीटल्ससोबतच्या आठ वर्षांत त्याने एकच स्वतंत्र ड्रमवादन केले. ते १९६९ मधील 'दि एंड' या गाण्यात आहे आणि त्यासाठीही त्याचे मन वळवावे लागले. बीटल्सचे चरित्रकार मार्क ल्युइसन यांनी त्यांच्या ध्वनिमुद्रणांच्या मूळ फिती ऐकल्या. रिंगोच्या चुकीमुळे गाणे थांबवावे लागल्याचे प्रसंग डझनभरही नाहीत, असे त्यांना आढळले.

शंकेचे ओझे

एवढे असूनही आपण बाहेरचे, उपरे आहोत ही भावना रिंगोला सोडत नव्हती. जून १९६४ मध्ये टॉन्सिलच्या आजाराने तो इस्पितळात गेला, तेव्हा दौरा रद्द न करता जिमी निकोल या वादकाला त्याच्या जागी नेण्यात आले. आपल्याशिवाय जाण्यास हॅरिसनने आधी नकार दिला होता, तरी आता आपली गरज उरली नाही, असे रिंगोच्या मनाने घेतले.

फेब्रुवारी १९६८ मध्ये चौघे महर्षी महेश योगींच्या ऋषिकेश येथील आश्रमात आले, तेव्हा रिंगोने सोबत डबाबंद घेवड्याची पेटी आणली होती. बालपणीच्या आजारामुळे मसालेदार अन्न त्याला सोसत नसे. सुमारे दहा दिवसांतच तो पत्नीसह परतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, नव्या संग्रहाचे काम सुरू असताना, आपले वादन चांगले होत नाही आणि बाकी तिघे परस्परांच्या अधिक जवळ आहेत, असे वाटून त्याने बीटल्स सोडले. इतरांकडे जाऊन बोलला, तेव्हा त्यांनाही स्वतःविषयी तसेच वाटत असल्याचे त्याला कळले. सुमारे दोन आठवड्यांनी तो स्टुडिओत परतला, तेव्हा त्याचा ड्रमसंच फुलांनी सजवलेला होता.

रिंगो हा बीटल्समधीलसुद्धा सर्वोत्तम ड्रमवादक नव्हता, असा एक टोमणा लेननच्या नावावर खपवला जातो. लेननने असे म्हटल्याचा कोणताही पुरावा नाही. १९८० मध्ये लेननची हत्या झाल्यानंतर ब्रिटनमधील विनोदी कार्यक्रमांतून हे वाक्य पसरले. प्रत्यक्षात १९७० मध्ये बीटल्स विखुरल्यावर लेननने आपल्या पहिल्या स्वतंत्र गीतसंग्रहासाठी ज्या ड्रमवादकाला बोलावले, तो रिंगोच होता. हॅरिसननेही 'ऑल थिंग्ज मस्ट पास'साठी त्यालाच साथीला घेतले.

बीटल्सनंतर

१ ऑगस्ट १९७१ रोजी पंडित रविशंकर आणि हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी न्यूयॉर्कमध्ये आयोजित केलेल्या कार्यक्रमात रिंगोने जिम केल्टनरसोबत ड्रम वाजवले. गायक म्हणूनही त्याने यश मिळवले. 'फोटोग्राफ' (१९७३) हे त्याचे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्यानंतरच्या वर्षांत मात्र मद्याने त्याला ग्रासले. १९८८ मध्ये पत्नी बार्बरा बाकसह तो उपचारांसाठी दाखल झाला आणि पुढच्याच वर्षी 'ऑल-स्टार बँड' उभारून पुन्हा दौऱ्यांवर निघाला. मोठा मुलगा झॅक हाही बराचसा स्वतःच शिकून ड्रमवादक झाला आणि १९९६ पासून अनेक वर्षे त्याने 'द हू' या विख्यात वाद्यवृंदाला साथ दिली.

२०१५ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने रिंगोचा स्वतंत्र वादक म्हणून गौरव केला. २०१८ मध्ये त्याला 'सर' हा किताब मिळाला. २०२३ मध्ये लेननच्या जुन्या फितीवरून पूर्ण करण्यात आलेल्या 'नाऊ अँड देन' या गाण्यासाठी, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, त्याने पुन्हा ड्रम वाजवले.

११ सप्टेंबर १९६२ च्या त्या दिवसाचीही एक पुढची कथा आहे. 'लव्ह मी डू'ची ध्वनिमुद्रिका ५ ऑक्टोबर १९६२ रोजी बाजारात आली, तेव्हा पहिल्या तबकड्यांवर अँडी व्हाइटचे नव्हे, तर ४ सप्टेंबरचे रिंगोचेच वादन होते. गीतसंग्रहात मात्र व्हाइटचे वादन आले आणि नंतरच्या तबकड्यांवरही तेच राहिले. रिंगोच्या वादनाची मूळ फीत जपली गेली नाही. १९८८ च्या संकलनासाठी ते गाणे एका जुन्या तबकडीवरून उतरवून घ्यावे लागले. दोन्ही आवृत्त्या ओळखण्याची खूण सोपी आहे. खंजिरी ऐकू आली, तर ड्रम व्हाइटचे आणि खंजिरी रिंगोची. ती ऐकू आली नाही, तर ड्रमवर रिंगोच बसलेला आहे.